शेंदराखालचा सतरा नंबर

मी खांब बोलतोय. तुम्ही हात जोडून समोर उभे राहता म्हणून आधीच सांगून टाकतो, मी देव नाही. मी सिमेंटचा, चार सळ्यांचा, कमरेएवढा हद्दीचा खांब आहे. माझ्या पोटावर सतरा नंबर कोरलेला आहे. आता तो दिसत नाही, आणि माझं सगळं दुखणं तेच आहे.

दिल्लीतल्या द्वारकेच्या टोकाला एक जुनं तळं आहे. इकडे त्याला जोहड म्हणतात. पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं, तिथून तीस मीटरपर्यंत पक्कं बांधकाम करायचं नाही, लग्नाचे मांडव घालायचे नाहीत, परवानगीशिवाय नावा सोडायच्या नाहीत, असा पालिकेचा नियम. कागदावरच्या नियमाचा माणसं बोळा करतात, म्हणून तो जमिनीत पुरायचं ठरलं. तळ्याभोवती त्या तीस मीटरच्या रेघेवर आम्ही छत्तीस खांब उभे राहिलो.

मला उभं केलं हेरंबने. हा लातूरकडचा. कलेक्टर व्हायला दिल्लीत आला, चार वेळा परीक्षेत आपटला आणि शेवटी पालिकेत कंत्राटावर मोजणीच्या कामाला लागला. फितीचं दुसरं टोक धरायला त्याचा मित्र साकेत असायचा.

"साकेत, फीत ताण यार, झोल देऊ नकोस. इथे वीतभर चुकलं तर उद्या तिथे कुणाची तरी भिंत उभी राहील."

मग त्याने वहीत लिहिलं : खांब सतरा, जवळच्या पिंपळापासून एकोणीस मीटर. जाताना माझं डोकं थोपटलं. मला फार बरं वाटलं होतं.

माणसाची एक खोड मी तिथे उभ्या उभ्या शिकलो. रेघ दिसली की त्याला ती ओलांडायची खाज सुटते. सकाळी फिरायला येणारे माझ्यावर पाय ठेवून बुटाच्या नाड्या बांधत. कुत्री काय करत ते सांगायला नको. ते सगळं मी सोसलं. पण माझ्या मागे लग्नाचं लॉन होतं आणि त्याच्या मालकाला पाण्याला लागून नाचायचा चौथरा हवा होता. मध्ये आडवा मी.

एका रविवारी दुपारी त्याने जेसीबी आणला. लोखंडी दात माझ्या बुडाशी शिरले. मुळं नसलेल्यालाही उपटताना दुखतं, हे तेव्हा कळलं. एक कोपरा फुटला, सळई उघडी पडली. मला फरफटत पाण्याच्या दिशेने नेलं आणि बावीस मीटर पुढे नव्या खड्ड्यात ठोकलं. जुन्या खड्ड्यावर हिरवळ अंथरली.

सोमवारी सकाळी सातला हेरंब पाहणीला आला, एकटाच. साकेत तापाने पडला होता. हेरंबने मला पाहिलं, पिंपळाकडे पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. त्याने फोनवर माझे फोटो काढले. तेवढ्यात लॉनचा मालक दोन माणसं घेऊन आला.

"भाईसाहब, कल शादी है. एक दिन आँखें बंद कर लो."

"पिलर आज ही वापस जाएगा. मैं रिपोर्ट डाल रहा हूँ."

"देख लो. नौकरी भी पक्की नहीं है तुम्हारी."

"नसू दे. माप पक्कं आहे," हेरंब म्हणाला. हे मराठीत म्हणाला, म्हणजे बहुतेक मलाच.

पहारेचा पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. तो माझ्या अंगावर कोसळला. एकाने त्याचे केस धरले आणि त्याचं डोकं माझ्या फुटक्या कोपऱ्यावर आपटलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मी जागचा हलू शकलो नाही. ज्याने मला उभं केलं त्याला माझ्याच अंगावर मारलं. सिमेंट जे सांडेल ते पितं, मी त्याचं रक्त प्यालो. मग त्यांनी फोन तळ्यात फेकला आणि पाठोपाठ त्यालाही.

माझ्यावरचे डाग धुऊन जाईनात. तारेच्या ब्रशने घासलं, तरी जाईनात. तेव्हा मालकाने डबाभर शेंदूर आणि तेल मागवलं. मला वरपासून खालपर्यंत माखलं, वर चंदेरी डोळे चिकटवले. रक्त झाकलं, नंबर बुजला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी झेंडूची माळ घातली. आठवड्याभरात पत्र्याचं छप्पर आलं आणि मी 'जोहडवाले बाबा' झालो. शेंदूर फासला की दगडाचा देव होतो म्हणतात. सिमेंटलाही त्यातून सुटका नाही.

पोलिसांनी लिहिलं : घाटावर पाय घसरला, पायरी डोक्याला लागली, बुडून मृत्यू.

पंधरा दिवसांनी तळ्याकाठची बेकायदा बांधकामं पाडायला पालिकेचं पथक बुलडोझर घेऊन आलं. त्यात साकेत होता, हातात तीच फीत. मी आतल्या आत ओरडत होतो, मोज रे, नुसतं मोज! त्याने बूट काढले, डोळे मिटले, वाकून नमस्कार केला आणि साहेबाला म्हणाला, "सर, पुराना स्थान लगता है. रहने देते हैं." पथकाच्या वहीत नोंद झाली : धार्मिक स्थळ. खांब क्रमांक सतरा आढळला नाही. पहारवाल्यांचा मला येतो तेवढाच राग मला साकेतचा येतो. भक्तीला माझी ना नाही. पण नमस्कार करण्याआधी एकदा डोळे उघडून पाहायला काय झालं होतं?

मग एके दिवशी हेरंबची बायको तनया आली. ती गुडगावला एका ऑफिसात काम करते. त्या सोमवारी घरून निघताना तो 'सतरा नंबरचा खांब बघून येतो' म्हणाला होता, एवढंच तिला ठाऊक होतं. सुट्टी काढून रोज पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होती. तिथे तिला एकच उत्तर मिळे, "मैडम, पिलर दिखाओ. पिलर ही नहीं, तो झगड़ा किस बात का?" म्हणून ती घरी राहिलेली हेरंबची वही घेऊन आली. पिंपळापासून एकोणीस मीटर मोजले. तिथे हिरवळ. ती हातांनी गवत उपटू लागली, तेव्हा लॉनच्या रखवालदाराने दंडाला धरून तिला बाहेर ढकललं. कोपर सोलपटलं.

रडत रडत ती पाण्याकडे आली, माझ्या छपराखाली. चपला काढल्या.

"देवा, तो घसरणारा नव्हता. बिल्कुल नव्हता. मला दुसरं काही नको. फक्त तो खांब सापडू दे. सतरा नंबरचा."

आमच्यामध्ये हातभर अंतर होतं.

उन्हाने शेंदराची एक खपली सुटून खाली पडली होती. तिथून इंग्रजी सातची तिरकी रेघ थोडी उघडी पडली होती. तनया वाकली. मला वाटलं, आता दिसणार. तिने खपली उचलली. खपलीची आतली बाजू काळपट होती. ती बाजू तिने कपाळाला टेकवली. मग देवाचं अंग उघडं राहू नये म्हणून तेलात भिजवून ती खपली अंगठ्याने दाबत जागच्या जागी बसवली.

आता ती दर सोमवारी येते. येत्या सोमवारी नवा शेंदूर आणणार आहे, तसा नवस बोललीय. तो थर चढला की मी कायमचा बुजेन. त्याआधी कुणीतरी या. फूल नको, नारळ नको. चपला घालूनच या आणि मला खरवडा. घरातला चमचाही पुरेल.