फळ्यावर राहिलेली ओळ

मी एक जुना पांढरा फळा आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गात असतो तसाच, चार फूट रुंद, तीन फूट उंच, कडेनं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. आता ती पट्टी एका बाजूनं सुटली आहे आणि माझा रंग पिवळट पडला आहे. इतर फळे आपली गोष्ट सांगू लागले, की आपल्यावर किती अवघड गणितं सुटली ते छाती फुगवून सांगतात. माझ्याजवळ तसलं काही नाही. मला सांगायची आहे ती मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे. फळ्याला मान नसते हे खरं, पण लाज असते.

माझा जन्म भोसरीच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बाईनं तयार झाल्यावर माझ्यावर एक रेघ ओढली, फडक्यानं पुसली आणि शेजारणीला म्हणाली, "ह्याच्यावर काही राहत नाही बघ." ती माझी पहिली शाबासकी. ती मी इतकी मनावर घेतली, की आपल्यावर काही न राहणं हाच आपला मोठा गुण, असं मी धरून चाललो. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

२००५ साली बावधनच्या एका दुकानातून मला मनीष आणि कौस्तुभ यांनी विकत घेतलं. मनीष मोटारसायकल चालवत होता आणि कौस्तुभ मला दोन्ही हातांनी कवटाळून मागे बसला होता. सूसच्या खिंडीत असा वारा सुटला, की आम्ही तिघंही खाली जातो की काय असं वाटलं. पण पोचलो. नांदे गावात हैबतरावांनी शेताच्या कडेला नवं घर बांधलं होतं. खाली ते आणि त्यांची बायको सारजाबाई राहत, आणि वरचा मजला मनीषनं भाड्यानं घेतला होता. तिथं संगणकावरचा एक खेळ तयार व्हायचा होता.

खेळ इतिहासातला होता. खेळणाऱ्यानं एक राज्य निवडायचं आणि शंभर वर्षं चालवायचं. मनीष मालक, किमया नकाशे काढणारी, आणि कौस्तुभ प्रत्येक राज्याला उद्दिष्टं लिहून देणारा. कौस्तुभ परभणीकडचा. त्याचा एक हट्ट होता. एका राज्याचं उद्दिष्ट दुसऱ्याला चालता कामा नये, असं तो म्हणे. सगळ्यांनीच मुलूख जिंकायचा असेल, तर मग राज्यं वेगळी कशाला? म्हणून त्यानं जंजिऱ्याला लिहिलं, शंभर वर्षांत काही जिंकू नका, फक्त बेट हातचं जाऊ देऊ नका. दिल्लीला लिहिलं, दख्खनमध्ये उतरा आणि परतही जाऊन दाखवा. ते वाचून मनीष इतका हसला, की त्याचा चहा सांडला. हे सगळं माझ्यावर लिहिलं जायचं, पुसलं जायचं, पुन्हा लिहिलं जायचं. मी दर संध्याकाळी पांढराशुभ्र. किमया म्हणायची, "आपल्या ऑफिसात सगळ्यात शहाणा हा फळा आहे." मला गुदगुल्या व्हायच्या.

कौस्तुभचं घोडं अडलं ते मावळावर. तीन किल्ले घ्या, शेजारचं खोरं जिंका, असं काहीतरी त्यानं लिहून ठेवलं होतं, पण ते त्याला स्वतःलाच पटत नव्हतं.

घराच्या पाण्याच्या मोटरचं बटण आमच्या खोलीत होतं. सारजाबाई रोज सकाळी वर येऊन मोटर लावायच्या आणि टाकी भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायच्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. वेळ घालवायला त्या माझ्यावरचं बोट लावून लावून वाचत. एके दिवशी मावळाची यादी वाचून त्यांनी विचारलं, "आन् ह्यात पेरतंय कोन?"

कौस्तुभ गडबडला. "आजी, हा लढाईचा खेळ आहे."

"लढाया काय रोज व्हत्यात व्हय? पोट रोज लागतंय." त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "माझं म्हायेर रिह्याचं. आमच्यात सांगत्यात, फौज आली की मानसं बियान्याचं गाठोडं घेऊन डोंगरात जायाची. घर सोडायचं, भांडी सोडायची, खायाचं धान्य सुदिक सोडायचं. बियानं मातुर सोडायचं न्हाई. फौज जाळून-पोळून गेली की खाली यायचं आन् पेरायचं. किल्लं कुनाचं बी ऱ्हाऊ दे. आमचं काम एवढंच."

टाकी भरून वाहू लागली तरी दोघांना भान नव्हतं. हैबतराव खालून ओरडले, "अगं, पानी चाललंय की!" तेव्हा कुठे मोटर बंद झाली. कौस्तुभनं हाताला लागेल ते पेन उचललं आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं: 'मावळ, रिहे खोरं. सैन्य येऊन गेलं तरी बियाणं राखा. पुढल्या वर्षी पेरणी झालीच पाहिजे.' मग त्यानं सारजाबाईंना शब्द दिला, "आजी, तुमचं रिहे खेळात अस्संच येईल. पुरं झालं की पहिल्यांदा तुम्हाला दाखवीन." त्या इतक्या खूश झाल्या, की पुढच्याच आठवड्यात माहेरी जाऊन सगळ्या भावकीला सांगून आल्या.

घोटाळा असा झाला, की ते पेन फळ्याचं नव्हतंच. ते सीडीवर नावं लिहायचं पेन होतं, ज्याची शाई जात नाही. संध्याकाळी किमयानं फडकं फिरवलं, तर सगळी राज्यं गेली आणि रिहे तेवढं राहिलं. ओल्या फडक्यानं पुसलं, साबणानं घासलं, नखानं खरवडलं, पण ओळ जागची हलली नाही. कौस्तुभला दोन दिवस सगळ्यांनी चिडवलं. तो म्हणाला, "राहू द्या, तेवढंच तर पक्कं ठरलंय."

पण मित्रांनो, मी काय केलं? मला त्या ओळीचा राग आला. माझ्या पांढऱ्या अंगावर डाग पडला म्हणून मी मनातल्या मनात कुढत राहिलो. कोणी पाहुणा आला, की मला वाटायचं, ह्याची नजर त्याच कोपऱ्याकडे जाणार. त्या ओळीत काय लिहिलं आहे याचा मी एकदाही विचार केला नाही. हे सांगताना आज मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

२००७ साली बंगळूरच्या एका कंपनीची माणसं खेळ पाहायला येणार, असं ठरलं. त्यांनी पसंत केला तरच पुढे काम चालणार होतं. त्याआधी दहा-बारा कॉलेजातली मुलं बोलावून खेळ खेळवून पाहिला. दिल्ली, जंजिरा, विजापूर सगळ्यांना आवडले. मावळ घेतलेली मुलं मात्र जांभया देऊ लागली. सैन्य येतं, आपण डोंगरात जातो, सैन्य जातं, आपण पेरतो, पुन्हा सैन्य येतं. एक मुलगा म्हणाला, "सर, यात आपण करायचं काय?"

मनीष कौस्तुभला म्हणाला, "शंभर वर्षं नुसतं पेरायचं? त्यापेक्षा पेटवू दे की. शत्रू यायच्या आत आपलं खोरं आपणच जाळायचं, म्हणजे त्याला दाणा मिळणार नाही. असं इतिहासात झालेलं आहेच ना?"

"झालंय. पण तसं बघायला गेलं तर हे कोणत्याही राज्याला चालेल. आणि मी आजींना शब्द दिलाय."

"आजींचं पुढच्या भागात घाल."

कौस्तुभ दोन दिवस अडून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच लिहून काढलं: 'शत्रू पोचण्याआधी रिहे खोऱ्याला आग लावा. कीर्तीत शंभराची भर.' मुलांना पुन्हा बोलावलं, तर त्यांनी एका दुपारी रिहे चाळीस वेळा जाळलं. आता पाहुण्यांसमोर ती जुनी ओळ बरी दिसेना. मनीषनं उद्दिष्टांची नवी यादी मोठ्या कागदावर छापून आणली आणि कौस्तुभनं ती सेलोटेपनं बरोबर त्या कोपऱ्यावर चिकटवली. आणि मी? मला हायसं वाटलं. दीड वर्षानं माझा डाग झाकला गेला होता. पाहुण्यांनी खेळ पसंत केला आणि जाताना, "ऑफिस छान ठेवलंय," असंही म्हणाले. ते मीच आपल्या अंगावर घेतलं.

खेळ पुरा झाल्याची बातमी सारजाबाईंना लागली. त्यांनी रिह्याहून आपल्या धाकट्या भावाला, भिकूला, बोलावून घेतलं. दोघं वर आले तेव्हा भिकूच्या डोक्यावर धुतलेलं पागोटं होतं आणि हातात नव्या तांदळाची पिशवी. कौस्तुभ उठून उभा राहिला. किमयाला शब्दाबिब्दाचं काही ठाऊक नव्हतं. ती उत्साहानं म्हणाली, "आजोबा, बसा ना, तुमचंच गाव दाखवते."

पडद्यावर डोंगर आले, नदी आली. किमयानं इतका सुरेख नकाशा काढला होता, की भिकूनं लगेच बोट ठेवलं, "ही आमची खिंड! आन् ही खाचरं!" किमयानं एक बटण दाबलं. खाचरं पेटली. मग घरं पेटली. सनई-चौघड्याचा तुकडा वाजला आणि वर सोनेरी अक्षरात शंभर आकडा आला.

भिकूनं विचारलं, "कोन पेटवतंया हे?"

कौस्तुभच म्हणाला, "आपणच."

"आपनच व्हय," भिकू म्हणाला आणि त्यानं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

सारजाबाईंनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच कोपऱ्याकडे. तिथं छापील कागद होता. माझ्या गुळगुळीत अंगावर सेलोटेप कधी टिकत नसे. एरवी दोन दिवसांत कागद सुटून खाली पडायचा आणि किमया वैतागायची. त्या दिवशी तो सुटावा, निदान एक टोक तरी उचकटावं, असं मला पहिल्यांदा वाटलं. पण तो पक्का राहिला. सारजाबाईंना वाटलं, ती ओळ पुसूनच टाकली.

त्या उठल्या. तांदळाची पिशवी त्यांनी कौस्तुभच्या टेबलावर ठेवली. "नवा तांदूळ हाय. पानी बेतानं घाल, न्हाई तर गिचका व्हतोय," एवढंच म्हणून त्या भावाला घेऊन खाली गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मोटर लावायला हैबतराव येऊ लागले.

कौस्तुभनं महिन्याभरात नोकरी सोडली. तांदळाची पिशवी तो गेल्यावरही टेबलाच्या खणात तशीच होती. पुढे मंदी आली, बंगळूरच्या कंपनीनं हात वर केले आणि २००९ साली मनीषनं खोली रिकामी केली. संगणक गेले, खुर्च्या गेल्या. मला कोणी नेलं नाही. हैबतरावांनी मला उचलून फाटकाला तारेनं बांधलं आणि वरच्या अर्ध्या भागात तेलरंगानं लिहिलं, 'खोली भाड्याने मिळेल. फक्त फॅमिली.' कोपऱ्यातला कागद काढायचा त्यांनी कंटाळा केला.

मी फाटकावर ऊन-पाऊस खाऊ लागलो. कागदाचा लगदा झाला आणि एके दिवशी गळून गटारात गेला. ओळ आता उघडी पडली. सारजाबाईंना ती लगेच दिसली नाही, कारण माझं तोंड रस्त्याकडे आणि त्यांची ये-जा मागच्या दारानं. जाणारे-येणारे मात्र थांबून वाचायचे. हिंजवडीला नोकरी करणारा एक भाडेकरू हैबतरावांना म्हणाला, "काका, खोलीची ही अट जरा अवघड आहे. बियाणं आम्ही राखायचं की तुम्ही?" हैबतरावांनी काहीतरी पुटपुटून विषय बदलला. त्याच साली उन्हाळ्यात त्यांनी समोरचं भाताचं शेत विकलं होतं आणि तिथं प्लॉटचे पांढरे दगड रोवले गेले होते.

२०१० च्या जानेवारीत हिंजवडीच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून कौस्तुभ नांद्यातून निघाला. दोन-अडीच वर्षं तो हा रस्ता टाळत होता, हे त्यानंच नंतर सांगितलं. फाटकासमोर त्याची मोटारसायकल कच्चकन थांबली. तो खाली उतरला आणि आपलं अक्षर पाहत राहिला. तेवढ्यात सारजाबाई फाटक लोटून बाहेर आल्या. त्यांनी आधी त्याला पाहिलं, मग मला. बोट लावून लावून त्यांनी ती ओळ शेवटपर्यंत वाचली.

"आजी, मी पुसलं नव्हतं," कौस्तुभ म्हणाला.

"झाकलं व्हतंस."

"हो."

माझ्या तोंडचंच उत्तर त्यानं दिलं होतं.

सारजाबाईंनी समोरच्या दगडांकडे बोट केलं. "तुला तरी काय बोलू? आमी तर रानच इकलं. बियान्याचं भात घरात व्हतं, तेबी गेल्या साली भरडून खाल्लं. म्हनलं, पेरायचं कुटं? फौज बी आली न्हाई रं, आन् आमी बियानं खाल्लं." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सोड ती तार. भिकूच्या कनगीचं झाकन उंदरांनी खाल्लंय. ह्यो फळा त्याला बेतानं बसंल. आत्ता नेऊन दे रिह्याला."

"आजी, मी? त्यांच्यासमोर?"

"मग कोन? मी नेऊ व्हय?"

कौस्तुभनं मला पाठीला बांधलं. भिकूच्या घराच्या ओट्यावर आम्ही उतरलो, तेव्हा भिकूनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू त्योच न्हवं? पेटवनारा?"

कौस्तुभनं मान हलवली. मी त्याच्या पाठीवर होतो, म्हणून मला त्याचं तोंड दिसलं नाही.

भिकू आत गेला. मग आतून आवाज आला, "आता हुबा का? धर की त्या बाजूनं."

दोघांनी मला कणगीवर ठेवलं. बांबूची, शेणानं लिंपलेली कणगी, आणि तिच्यात बियाण्याचं भात. तेव्हापासून मी इथंच आहे.

मित्रांनो, ज्या ओळीची मला लाज वाटली, तीच माझ्यावर लिहिली गेलेली एकमेव खरी ओळ होती. ती झाकली गेली तेव्हा मी आनंदलो, याची लाज मात्र आता जन्मभर पुरेल. तुमच्या वहीत, फळ्यावर किंवा मनात कोणी असं काही लिहून गेलं, तर ते नीट वाचा. पटलं नाही तर खुशाल पुसा, पण आपण स्वच्छ दिसावं म्हणून झाकू नका. पेरणीच्या दिवसांत सारजाबाई रिह्याला येतात. भावाच्या एका खाचरात त्या आता मूठभर बियाणं आपल्या हातानं पेरतात. आधी मला उचलून भिंतीशी टेकवतात आणि ओळ मोठ्यानं वाचतात. काम झालं, की मला पुन्हा कणगीवर ठेवतात आणि वर एक दगड ठेवतात, उंदरांनी मला सरकवू नये म्हणून.