पंधरा मेंढरांची जागा

हिंगोलीत खोली भाड्यानं मागायला गेलं की मालक आधी आडनाव विचारतो, मग घरचा धंदा विचारतो, आणि मेंढरं म्हटलं की नाक मुरडतो. सत्यशीला दवाखान्यात नर्स होती. रात्रंदिवस याच लोकांच्या जखमा धूत होती. तरी दोन वर्षांत तिला तीन खोल्या सोडाव्या लागल्या. गावाकडून माय भेटायला आली की मालकिणीला म्हणे घरभर वास यायचा. तिसऱ्या खेपेला माय, चांगुणाबाई, म्हणाली, भाड्याचं आता बस झालं. तिनं निम्मा कळप विकला आणि २००६च्या उन्हाळ्यात लेकीला घेऊन अंगदराव बिल्डरच्या नव्या इमारतीत जाऊन उभी राहिली.

अंगदरावानं दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. साडेसहाशे फूट, नऊशे रुपये फूट, पाच लाख पंच्याऐंशी हजार. एक रुपया कमी होणार नाही, हेही न विचारताच सांगितलं. लुगडं बघून त्यानं आवाज चढवला होता. बुकिंगला आलेले एक मास्तर आपल्या फ्लॅटच्या भावाचा कागद हातात धरून तिथंच उभे होते.

चांगुणाबाई घरभर फिरली. सगळी हयात तिनं लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. एका मेंढराला दहा फूट. किती जागेत किती मावतात, हे तिला नजरेनं कळायचं.

"शेठ, हितं पन्नास मेंढरं बसतील. साडेसहाशेत पासष्ट बसाया पायजेत. पंधरा कुठं बसवू?"

"मावशी, हा फ्लॅट हाय, मेंढवाडा न्हाई," म्हणत अंगदराव हसला.

सत्यशीलानं पिशवीतून टेप काढून खोल्या मोजल्या. चारशे सत्त्याण्णव भरले. अंगदराव मग समजावायला लागला. जिना, गच्ची, भिंती, सगळ्यातला वाटा धरूनच फूट लावतात, नांदेडातही असंच चालतं.

"म्हंजे जिना बी मी इकत घेऊन राहिले?"

"व्हय, तुमचा हिस्सा."

"मंग तसं लिहून द्या. पंधरा मेंढरं जिन्यात बसवते."

मास्तरांना हसू फुटलं. हसता हसता ते थांबले आणि हातातला कागद नव्यानं वाचायला लागले. ते पाहून अंगदरावानं मायलेकींना गॅलरीत नेलं, आवाज खाली आणला. पाच वीसवर आला, मग चार नव्वदवर. चांगुणाबाई साडेचार लाखांवरून हलली नाही. पाचशे फुटांचे पैसे देते, वरचे तीन फूट तुमच्या चहाचे, म्हणाली. अंगदराव शेवटी कबूल झाला. अट एकच, भाव कुणाला कळता कामा नये, मास्तरांना तर मुळीच नाही.

सत्यशीलानं मायचा हात दाबला. घे माय, नको अडवू, असा तो हात होता. चांगुणाबाईनं लेकीकडं बघितलं. लेकीला पुन्हा खोल्या हिंडाव्या लागल्या तर? पण चोरीच्या मालासारखं घर घ्यायचं?

"मेंढरं मी भर बाजारात इकली," ती आतल्या मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "घर बी चारचौघांतच घेईन. साडेचार लाखाला. पटत नसंल तर ठेवा तुमच्यापाशी."

आणि ती चालायला लागली.

बारा फ्लॅटांपैकी नऊ रिकामे होते. अंगदरावानं तिला दारात गाठलं आणि पावतीबुक उघडलं.

"नाव कुणाचं लिहू, मावशी?"

"पोरीचं लिहा. आन् भाव मोठ्यानं वाचून दाखवा."

त्यानं वाचला. मास्तरांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि सत्यशीलाकडं टेप मागितला.