आरशामागची पेटी

मला तोंड नाही, आवाज नाही. मला येतात ते फक्त आकडे. तरीही आज तुमच्याशी बोलायचं धाडस करतेय.

मी एक मोजणीची पेटी. तळहाताएवढी, पांढरी, एकाच हिरव्या दिव्याची. घरात येणाऱ्या इंटरनेटचा वेग मोजून राजधानीतल्या सरकारी कार्यालयाला कळवायचा, एवढंच माझं काम. तिथं देशाचा मोठा नकाशा आहे. माझ्यासारख्या शेकडो पेट्या त्यावर ठिपके होऊन बसल्यात. कंपनीनं कबूल केलेला वेग मिळाला तर ठिपका हिरवा, नाहीतर लाल.

घरातलं कुणी इंटरनेट वापरत असेल तर मी गप्प बसते. लाइन मोकळी झाली की मोजते. त्यामुळे माणसांचं बोलणं मी कधी मोजलेलं नाही. त्यांची शांतताच माझ्या वाट्याला येते.

बाराओना या समुद्राकाठच्या गावातल्या या घरात मला एवारिस्तोंनी आणलं. तारखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सरकारला स्वयंसेवक हवेत असं कळलं, तसे स्वतः जाऊन मला घेऊन आले. राउटरला वायरनं जोडलं आणि बायकोला हाक मारली.

"एर्मिंदा, आता बघ, कंपनीची लबाडी पकडतो की नाही!"

"चाळीस वर्षांत माझी एक चूक पकडता आली नाही, आणि म्हणे कंपनीची पकडणार!"

गेल्या वर्षी मार्चमध्ये दुपारी जेवून ते झुलत्या खुर्चीत बसले. डोळे मिटले ते मिटलेच.

घरात कुणी गेलं की इथं आरसे झाकतात, नाहीतर भिंतीकडे वळवतात. जाणाऱ्याचा जीव त्यात अडकू नये म्हणून. कपाटाचा पुरुषभर उंचीचा आरसा एर्मिंदाबाईंनी शेजारच्या मिल्केयाच्या मदतीनं उतरवला आणि माझ्या कोपऱ्यात, राउटरच्या पुढ्यात तिरका उभा केला. काच भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, माणसं पांगली. आरसा तिथंच राहिला. दुखवटा वर्षभर पाळायचा, असं बाईंनी ठरवलं होतं.

आरशामागे, माझ्या कोपऱ्यात अंधार झाला. समोर काचेत एक हिरवा दिवा लुकलुकायचा. मला वाटलं, दुसरी पेटी आणून ठेवलीय. मी थांबले की ती थांबायची. कधी तिच्या पाठीमागे काहीतरी हळूच झुलतंय असं वाटे. मग मी मोजण्याआधी दोनदा खात्री करायची, लाइन खरंच मोकळी आहे ना.

त्याच दिवसांपासून माद्रिदहून येणारे योकास्ताचे फोन तुटू लागले. योकास्ता ही त्यांची एकुलती एक लेक. पडद्यावर तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजायचा.

मला कारण कळत होतं. माझ्याकडे वायरनं वेग पुरेपूर यायचा. फोनला मात्र तो हवेतून मिळणार, आणि मध्ये लहरी अडवणारा तो पारा लावलेला आरसा. पण हे सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता.

मग योकास्ताच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली. गुरुवार. आदल्या दिवशी चार वाजता ती आईशी बोलणार होती. "तुझा चेहरा बघून मगच जाईन," असं तिनं लिहून पाठवलं होतं. त्या दुपारी बाईंनी कंपनीला फोन लावला.

"लाइन अगदी छान आहे, बाई," तिकडची मुलगी म्हणाली. "सरकारच्याच पेटीचा आकडा आहे, एक्कावन्न. पन्नास कबूल केले होते, वर एक जास्तच देतोय."

"मग माझी पोर दगड होऊन का बसते?"

"ते आमच्याकडे दिसत नाही."

माझाच आकडा होता तो. खरा होता, आणि त्या आकड्यानं एका म्हाताऱ्या बाईला खोटं पाडलं.

"मला विचाराल तर काकाच लाइन धरून बसलेत," मिल्केया म्हणाली. "जिवंतपणी तरी फोन कुठं सोडायचे!"

ती हसली. एर्मिंदाबाई हसल्या नाहीत. चार वाजले. फोन आला, चेहरा थिजला, तुटला. पुन्हा तेच. तेव्हा बाई फोन घेऊन आरसा आणि भिंत यांच्या फटीतून अंग चोरत माझ्यापाशी आल्या.

"सोड रे आता," त्या अंधाराला म्हणाल्या. "आयुष्यभर तुझं ऐकलं. एवढं एक माझं ऐक. पोर उद्या टेबलावर जायचीय."

फोन वाजला. योकास्ताचा चेहरा उजळला आणि हलला.

"आई! कुठं आहेस? किती अंधार आहे तिथं!"

"तुझ्या बाबांपाशी."

"आई, आज असं नको ना बोलूस."

"घाबरू नकोस गं. सोडली त्यानं लाइन. आता मला तुझ्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसतोय."

मायलेकी चाळीस मिनिटं बोलल्या. मी काहीही मोजलं नाही.

योकास्ता बरी झाली. वर्षही सरलं. मिल्केया आरसा जागेवर लावायला आली, तशा बाई आडव्या आल्या.

"हात लावू नकोस. तो गेला तर मी पोरीशी बोलू कुठून?"

आता रोज चारला त्या फटीतून आत येतात. गुडघे दुखतात, म्हणून तिथं एक स्टूल ठेवलंय; भिंतीला धरून त्यावर अर्धी जागा सोडून बसतात.

नकाशा बघणाऱ्यांनो, बाराओनाच्या किनाऱ्यालगत तुम्हाला एक हिरवागार ठिपका दिसेल. तो खोटा नाही. तरीही एकदा कुणालातरी इथं पाठवा. त्याला म्हणावं, पेटीकडे बघू नकोस, आधी माणूस कुठं बसलंय ते बघ. आरशामागे एक म्हातारी बाई स्टुलाच्या एका कडेला बसलेली असेल. उरलेल्या जागेवर मात्र बसू नकोस.