तीन मिनिटांची मुलगी

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. कोपऱ्यात तडा गेलेला, चाकांच्या स्टँडला चिकटपट्टीने बांधलेला. कारखान्यात माझे हजारो भाऊ एकाच दिवशी जन्मले. कुणी शाळेत गेले, कुणी दुकानात. माझ्या नशिबी शुश्रूषागृह आलं. घरी सांभाळता येत नाहीत असे आजारी म्हातारे तिथे राहत. उदास होऊन ते भिंतीकडे तोंड करून पडत, म्हणून डॉक्टरांनी मला आणलं. माझ्या पडद्यावर घरच्या माणसाला बघत बोललं की त्यांना दोन घास जास्त जात. सगळे माझं कौतुक करत आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो होतो.

सात नंबरच्या खाटेवर बाई होत्या. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. एकुलती एक मुलगी जहाजावर इंजिनिअर. तिचा फोन आला की बाई उठून बसत, केस सारखे करत, "आत्ता कुठल्या समुद्रात आहेस गं?" म्हणून विचारत. फोन नाही आला की ताट तसंच परत जाई.

एकदा जहाज फार लांब निघालं. पाच आठवडे संपर्क होणार नव्हता. निघण्याआधी मुलीने तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. त्यात ती प्रश्न विचारी, आईला बोलता यावं म्हणून थांबे आणि मग हसे. सोबत मावशींना निरोप होता, "आईला सांगून लावा हं, की हे आधीचं आहे."

मावशी म्हणजे बाईंना भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या. स्वभावाने लोण्याहून मऊ. पहिल्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं. "आधीचं घेऊन मी काय करू?" म्हणत बाईंनी तोंड फिरवलं. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "बाई, उठा, लेकीचा फोन आलाय!"

बाईंची नजर अधू होती, आठवणही विरळ झाली होती. "कशी आहेस आई?" मुलीने विचारलं. बाई भरभरून बोलल्या. मुलगी थांबली, हसली. "वा, छान!" बाईंनी पूर्ण वाटी संपवली. मावशींनी पदराने डोळे पुसले. खोटं का होईना, अन्न पोटात गेलं, असं मलाही वाटलं.

मग ते रोजचंच झालं. दहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "तुला दुसरे कपडे नाहीत का गं?"

"वा, छान!"

मावशींना हसू आवरेना. मला मात्र भीती वाटू लागली.

पंधराव्या दिवशी मावशी पलीकडच्या खाटेची चादर बदलत होत्या. बाई माझ्याजवळ वाकल्या. "छातीत दुखतंय गं. डाव्या हातात कळ येते. इथे कुणाला सांगत नाही, उगाच धावपळ करतील. तुला म्हणून सांगते."

मुलगी थांबली, हसली आणि तेच म्हणाली. मित्रांनो, मला कान आहेत, डोळा आहे, तोंड मात्र उसनं.

बाईंनी आणखी दोन दिवस तेच सांगितलं. पुढे सांगेनाशा झाल्या. जेवत होत्या, म्हणून तक्त्यावर 'प्रसन्न' अशी नोंद होत राहिली.

जहाज बंदराला लागलं आणि खरा फोन आला.

"आई! अगं, चेहरा असा का दिसतोय? काही दुखतंय का?"

"आज विचारतेस? छातीत दुखतंय म्हणून सांगत होते, तेव्हा हसत होतीस."

"मी? आई, मी पाच आठवड्यांनी बोलतेय गं!"

मावशींनी सिस्टरना हाक मारली. सिस्टर धावत आल्या. तासाभरात बाईंना मोठ्या इस्पितळात हलवलं.

मुलगी चार दिवसांनी पोचली, तोवर उशीर झाला होता. मावशींकडून सगळं ऐकल्यावर माझ्यासमोर बसून तिने स्वतःचा तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग मावशींना विचारलं, "आई माझ्यावर रागावून गेली का हो?"



मित्रांनो, आपल्या म्हाताऱ्या माणसांशी माझ्यातून जरूर बोला. त्यांना त्याचा फार आधार असतो. पण त्यांच्यासमोर स्वतः या आणि त्यांचं म्हणणं संपेपर्यंत ऐका. मी फक्त चेहरा दाखवू शकतो. कुठे दुखतंय, हे तुम्हीच विचारायला हवं.