डावं मडगार्ड

माणसाने घडवलेली वस्तू हा त्याच्या चारित्र्याचा आरसा असतो. वस्तूत जी खोट दिसते ती आधी माणसात असते, आणि राष्ट्रं बुडतात ती अशाच खोटींमुळे. हे मधुसूदन नेर्लेकरांचं जीवनविषयक तत्त्वज्ञान होतं आणि ते त्यांना ब्रॅकेटवरून सुचलं होतं. चाकणच्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात त्यांनी एकतीस वर्षं ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट तपासले. हा ब्रॅकेट गाडीत असतो, पण कुठे असतो ते गाडीच्या मालकाला जन्मात कळत नाही. गाडीवाल्यांनी त्याचे आभार मानावेत असा प्रसंगच येत नाही.

कंपनीच्या गेटवरचे वॉचमन बदलत गेले, पण प्रत्येक जण नेर्लेकरांना 'ब्रॅकेटवाले साहेब' म्हणत आला. निरोपसमारंभात त्यांना चांदीचा मुलामा दिलेला ब्रॅकेट भेट मिळाला. संत तुकाराम नगरच्या फ्लॅटमध्ये तो टीव्हीशेजारी ठेवला होता आणि आलेला प्रत्येक पाहुणा "हे काय आहे?" असं विचारायचा. शेवटी त्यांच्या पत्नीने, शैलाबाईंनी, त्याच्या भोकांत उदबत्त्या लावायला सुरुवात केली. भोकं बरोबर मापाची होती.

तर अशा माणसाला एकदा तरी अख्खी गाडी उभी करायची होती. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होते, निवृत्तांनाही बोलावणं असतं. त्या दिवशी आपल्या हातची गाडी, रीतसर नंबर प्लेट लावून, त्या गेटमधून आत न्यायची. वॉचमनने काय म्हणायचं ते म्हणावं, पण ब्रॅकेट म्हणू नये. नेर्लेकरांची मागणी एवढीच होती.

गाडी मिळाली चाकणजवळच्या दौलतरावांच्या गोठ्यात. १९५३ सालची हार्ग्रीव्ह. हार्ग्रीव्ह ही विलायतेतली छोटी कंपनी. दोनच माणसांना बसवायचं, त्यांच्यापुढे सहा सिलिंडरचं इंजिन ठेवायचं आणि ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून बॉडी काढायची, हा तिचा खाक्या. चाळीसेक गाड्या काढून ती बुडाली. नेर्लेकरांच्या मते हाताने ठोकल्यामुळेच बुडाली. त्यातली एक गाडी इकडच्या एका लहान संस्थानच्या युवराजांनी मागवली. संस्थान कधीच विलीन झालं होतं, पण ऑर्डर रद्द करायचं कुणाला सुचलं नव्हतं. युवराजांकडून ती एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांकडे गेली. हिच्यात एकही कार्यकर्ता बसत नाही हे लक्षात आल्यावर अध्यक्षांनी ती जमिनीच्या एका व्यवहारात दौलतरावांच्या वडिलांच्या गळ्यात घातली. त्यांनी इंजिन काढून विहिरीवर लावलं आणि सीटवर कोंबड्या सोडल्या.

"लई गुणाची गाडी," दौलतराव म्हणाले. "चाळीस वर्सं अंडी दिली हिनं."

"अपघात वगैरे काही झाला होता का?"

"व्हय. एकदा बैल धडाकला व्हता. आबांनी पुन्यावरनं मिस्त्री आणून मडगार्ड नवं करून घेतलं."

"कुठल्या बाजूचं?"

"न्हाई ध्यानात. बैलबी गेला आता."

नेर्लेकरांनी वहीत लिहिलं : 'बैल. तपशील अनुपलब्ध.'

गाडी तळवड्याला मीरासाहेबांच्या शेडमध्ये आली. मीरासाहेब चाळीस वर्षं डेंटिंगचं काम करत होते. आयटी पार्कमधल्या पोरांच्या चेपलेल्या गाड्यांवर त्यांचं घर चालायचं. जुनी गाडी म्हटल्यावर त्यांनी हौसेने हो म्हटलं होतं. तो त्यांचा शेवटचा हौसेचा क्षण. पुढच्या आठवड्यात नेर्लेकरांनी शेडच्या फरशीवर पिवळे पट्टे ओढले, हातोड्यांची चित्रं काढलेला फळा भिंतीवर ठोकला आणि शेडच्या दारात लाल डबा ठेवला. नापास माल त्यात. शेडमध्ये मीरासाहेब एकटेच काम करत होते, तरी कोणता हातोडा कुणाकडे आहे याची नोंद ठेवावी लागे.

मग गिअरबॉक्समधून तेल गळालं.

"का गळतंय?" नेर्लेकरांनी विचारलं. एकामागून एक पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण सापडतं, ही कारखान्याची पद्धत.

"वायसर गेलाय साहेब."

"का गेला?"

"जुना होता."

"का जुना होता?"

मीरासाहेबांनी हातातला पाना खाली ठेवला. "त्रेपन्न सालचा होता म्हणून."

"त्रेपन्न सालचा का होता?"

"साहेब, तेव्हा मी जन्मलो नव्हतो. माझ्यावर कशाला घेता?"

नेर्लेकरांनी नोंद केली : 'मूळ कारण : मनुष्यबळाचं सहकार्य नाही.'

अशी तीन वर्षं गेली. इंजिन विहिरीवरून परत आलं, चालूही झालं. सीट शिवून झाल्या. आणि मग नेर्लेकरांच्या हाताखालचा जुना ज्युनिअर, अनिश, कंपनीतून एक स्कॅनर घेऊन रविवारी आला. त्याने गाडीभोवती लेझर फिरवला, लॅपटॉपकडे पाहिलं आणि सरांकडे पाहायचं टाळलं.

"बोल."

"सर, पुढचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा अकरा मिलीमीटरने फुगीर आहे."

नेर्लेकरांनी त्याला आकडा पुन्हा वाचायला लावला. त्यांच्या हयातीत अर्ध्या मिलीमीटरवर माणसांच्या बढत्या अडल्या होत्या.

"हाताने ठोकलेलं आहे साहेब," मीरासाहेब म्हणाले. "माणसाचे दोन कान तरी कुठे सारखे असतात?"

"माझे आहेत."

मीरासाहेबांनी निरखून पाहिलं आणि विषय सोडला.

आणखी एक खोट सापडली. प्रत्येक पत्र्याच्या आतल्या कडेला कुणीतरी पंच मारून वेडावाकडा '17' ठोकला होता. बॉनेटवर, दोन्ही दारांवर, डिकीवर, डाव्या मडगार्डवर.

"उजव्या मडगार्डवर नाही हा आकडा," मीरासाहेब म्हणाले. "बघा ना, का नाही ते?"

"म्हणजे तेवढंच एक निर्दोष आहे." नेर्लेकर म्हणाले. "तेच आपलं प्रमाण."

त्यांनी सगळे '17' बफिंग मशीनने घासून काढायला लावले. पत्रे आरशासारखे झाले. डाव्या मडगार्डवरचा आकडा मात्र खोल होता. घासून काढला असता तर पत्राच फाटला असता. आधीच अकरा मिलीमीटर, त्यात हे. नेर्लेकरांनी त्याला लाल टॅग बांधला, फोटो काढला आणि रिपोर्ट लिहिला : 'अनावश्यक पंच मार्क. माप चुकीचं. नामंजूर.' उजव्याचा आरशातल्यासारखा उलटा साचा करून मशीनवर नवं डावं मडगार्ड काढलं. फरक, पाव मिलीमीटरच्या आत. नेर्लेकर त्या दिवशी शेडमध्ये गुणगुणले. मीरासाहेबांनी ते कुणाला सांगितलं नाही.

जुनं मडगार्ड नियमाप्रमाणे भंगारात जायला हवं होतं. ते गेलं नाही. दोन आठवड्यांनी नेर्लेकरांनी शेडचं ऑडिट केलं तेव्हा ते माळ्यावर ताडपत्रीखाली निघालं.

"हे इथे कसं?"

"राहू द्या ना साहेब. काय खातंय का ते? चांगल्या हाताचं काम आहे. मला बघून कळतं."

"मीरासाहेब, नापास माल शेडमध्ये राहिला की चांगल्यात मिसळतो."

"एका गाडीला डावं मडगार्ड एकच लागतं. मिसळणार कुठे?"

"नियम आहे."

"नियम तुमच्या कंपनीत. ही माझी शेड आहे. बायकोसुद्धा इथली वस्तू मला विचारून टाकते."

पण नेर्लेकरांचा चेहरा पाहून मीरासाहेबांनी हात टेकले. नुसतं टाकूनही भागणार नव्हतं. नापास माल कुणी पुन्हा वापरू नये म्हणून त्याचे तुकडे करायचे असतात. ग्राइंडर मीरासाहेबांनी धरायला नकार दिला, म्हणून नेर्लेकरांनी स्वतः धरला. चार तुकडे झाले. कुदळवाडीचा भंगारवाला ते घेऊन गेला आणि नेर्लेकरांनी त्याच्याकडून पोच लिहून घेतली.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेजची नंबर प्लेट मिळते, पण गाडी मूळची आहे असा दाखला लागतो. तो दाखला देणाऱ्या समितीतर्फे खंडेनवमीच्या दहा दिवस आधी विजयश्रीबाई तपासणीला आल्या. पन्नाशीच्या, पायात बूट, हातात टॉर्च. आळंदीपर्यंत बसने आणि पुढे रिक्षाने आल्या होत्या. रस्त्यावरच्या कंटेनरांनी त्यांचा दीड तास खाल्ला होता, तरी गाडी पाहून त्या हसल्या.

नेर्लेकरांनी चारशे पानांची फाइल पुढे केली.

"फाइल नंतर," म्हणत बाई सरळ गाडीखाली सरकल्या. मीरासाहेबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. तीन वर्षांत त्या शेडमध्ये आधी गाडी बघणारं पहिलंच माणूस आलं होतं.

बाई बाहेर आल्या. "चॅसीचा नंबर?"

"कोंबड्या," नेर्लेकर म्हणाले. "त्यांच्या घाणीने गंजला."

"इंजिनची नंबरपट्टी?"

"विहिरीत गेली असावी."

"हरकत नाही. हार्ग्रीव्हचं एक बरं असतं." बाईंनी पिशवीतून कागद काढला. "त्यांच्या रजिस्टरची नक्कल मागवली मी विलायतेहून. युवराजांना पाठवली ती गाडी नंबर सतरा. त्यांचे कारागीर पत्रे एकेका गाडीला ठोकून बसवायचे, एकीचा दुसरीला लागत नसे. म्हणून प्रत्येक पत्र्यावर आतून गाडीचा नंबर पंच करायचे. एका पत्र्यावर जरी सतरा दिसला, तर मी लिहून देते की ही तीच गाडी आहे."

"म्हणजे बैल उजवीकडे धडकला होता," मीरासाहेब चहाच्या कपात बघत म्हणाले.

बाईंनी टॉर्च मारला. बॉनेट. दारं. डिकी. "हे सगळं कुणी घासलं?"

"बफिंग केलंय," नेर्लेकर म्हणाले.

"आणि ही दोन मडगार्डं? इतकी सारखी? हार्ग्रीव्हची कधीच सारखी नसतात. डावीकडून सायलेन्सरचा पाइप जातो, म्हणून डावं फुगीर ठेवायचे." त्या आता फाइल चाळत होत्या. पान दोनशे बारावर थांबल्या. फोटो स्पष्ट होता. नेर्लेकरांचे फोटो नेहमीच स्पष्ट असत. "अहो, हा काय सतरा! हे कुठे आहे?"

"नामंजूर केलं."

"कुणी?"

मीरासाहेबांनी कप खाली ठेवला. "पाच वेळा का विचारा, बाई. साहेबांची पद्धत आहे."

बाईंनी एकदाच विचारलं. नेर्लेकरांनी भंगारवाल्याची पोच पुढे केली. फोटो चालत नाही, वस्तू लागते, असं त्यांनी सांगितलं. त्या चांगल्या होत्या. आठ दिवस थांबते, म्हणाल्या, सतरा असलेला तळहाताएवढा तुकडा मिळाला तरी पुरे.

नेर्लेकर दुसऱ्या दिवशी कुदळवाडीला गेले. सोबत मीरासाहेब न बोलावता आले, कारण साहेबांना भंगारातलं काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ॲल्युमिनियमचे ढीग माणसापेक्षा उंच होते. नेर्लेकरांनी पोचपावती दाखवली. भंगारवाल्याने ती आदराने पाहिली. आजवर त्याच्याकडे कुणी पावती घेऊन परत आलं नव्हतं.

"हा माल? हा तर भट्टीला गेला," त्याने चाकणच्या भट्टीचं नाव सांगितलं.

नेर्लेकरांनी पोचपावती घडी करून खिशात ठेवली. ती भट्टी त्यांच्याच कंपनीला धातू पुरवायची.

"चला साहेब, घरी सोडतो," मीरासाहेब म्हणाले. "ते मडगार्ड मी तेव्हा लपवायला पाहिजे होतं तसं लपवलं नाही. माळ्यावर कुणी लपवतं का? बायकोच्या कपाटात ठेवायला पाहिजे होतं."

"तुमची चूक नाही."

तीन वर्षांतलं हे पहिलं वाक्य, ज्याची नेर्लेकरांनी कुठेही नोंद केली नाही.

घरी शैलाबाईंनी चेहरा पाहिला आणि चहा टाकला. "आता खंडेनवमीला?"

"बसने जाईन."

"अहो, निदान त्याचं काय झालं ते तरी विचारा कुणाला. नाहीतर झोपणार नाही तुम्ही, आणि मला झोपू देणार नाही."

नेर्लेकरांनी अनिशला फोन लावला. पोचपावतीवरची तारीख सांगितली, भट्टी सांगितली. भंगारापासून तयार मालापर्यंत प्रत्येक किलो धातूचा माग काढता आला पाहिजे, ही पद्धत नेर्लेकरांनीच कंपनीत आणली होती, आणि त्यासाठी दोन परचेस मॅनेजर घरी गेले होते.

"सापडलं सर," अनिश म्हणाला. "दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तुमचीच सिस्टीम."

मडगार्डचे तुकडे ज्यात वितळले तो लॉट मार्चच्या अकरा तारखेला, दुसऱ्या शिफ्टमध्ये ओतला गेला होता. त्यातून सहा हजार चारशे ब्रॅकेट निघाले. एकही रिजेक्ट झाला नाही.