ऱ्हाईन वाळवायला निघालेलं मशीन

माझं मशीन बिघडत नाही. बिघडतात ती माणसं, आणि फोन मात्र मला येतो. पाणी शिरलेल्या इमारती वाळवायचा माझा धंदा आहे, तेव्हा हे मी छातीठोकपणे सांगतो.

पण नेलेसबाईंच्या हॉलने माझी पार जिरवली. ऱ्हाईनकाठचा आमच्या गावचा हा कार्निव्हलचा हॉल. थंडीत छतातली पाइप फुटली आणि नाचायची लाकडी जमीन चिंब झाली. मी मोठा डिह्युमिडिफायर आणून लावला. हवेतली ओल खेचायची, पाणी नळीने बेसिनमध्ये सोडायचं, एवढंच त्याचं काम. बेसिनमध्ये पाणी पडत होतं, मशीन घरघरत होतं, आणि जमीन मात्र ढिम्म. लाकडात ओल मोजायचा मीटर टोचावा तर रोज तोच आकडा.

"गेरो, तुझं मशीन झोपा काढतंय का रे?" बाई विचारायच्या.

"मशीन माझ्यापेक्षा जास्त काम करतंय, बाई."

"त्यात काय मोठंसं!"

बाई हॉलची देखभाल करायच्या आणि वरच्याच दोन खोल्यांत राहायच्या. नगरपालिकेतल्या विंकेन्सला हा हॉल कधीचा बंद करायचा होता. बुधवारपर्यंत जमीन वाळली नाही, तर गुरुवारचा कार्निव्हलचा नाच नदीपलीकडच्या गावात, हॉलला कुलूप आणि बाईंना नारळ. त्या थट्टा करायच्या, पण नजर मीटरवरच असायची.

मी फिल्टर झटकला. पंखा पाहिला. नळी कुठे दुमडली नाही ना, तेही पाहिलं. मग झाकण काढलं, तर आतल्या कॉइलवर बर्फच बर्फ! बर्फ एकाच टोकाला असता तर गॅस कमी झालाय म्हटलं असतं. पण हा सगळीकडे सारखा होता. म्हणजे मशीन ठणठणीत आणि हॉल गार. गार हॉलमध्ये लाकूड ओल सोडत नाही आणि मशीन स्वतःच गोठून बसतं. मी हॉलमधल्या हीटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि हीटर वाढवून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी चालू होईना, म्हणून पायीच गेलो. वळणावरून पाहतो तर काय, हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या! बाहेर धुकं, पाऊस, हाडं गोठवणारी थंडी. आणि माझं मशीन इमानेइतबारे ऱ्हाईन नदी वाळवतंय.

"बाई! हे काय चाललंय?"

"अगंबाई, तू? गाडीचा आवाज कसा नाही आला?" त्या धावत खिडक्या लावायला लागल्या.

"रोज उघडता?"

"सकाळ-संध्याकाळ. घरात हवा खेळायला नको? ओल आहे म्हणून तर जास्तच उघडते. आमच्या आईनं जन्मभर हेच केलं."

"आणि मी आलो की बंद का करता?"

"तू घामाघूम झालेला असतोस. वाऱ्याचा झोत लागून मान धरली म्हणजे?"

मी कपाळावर हात मारला. मग सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता बाई स्टेजच्या पायरीवर मटकन बसल्या.

"म्हणजे माझं घर मीच बुडवत होते की रे."

मी गुपचूप आणखी एक हीटर आणला. बाईंनी खिडक्यांच्या मुठी दोरीने बांधून टाकल्या आणि त्या कोंदट हवेत नाक दाबून दिवस काढले. जमीन एकदाची वाळायला लागली.

बुधवारी विंकेन्स आला. मी मीटर टोचून दाखवला. कोरडी. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"मग इतके दिवस का लागले?" त्याने बाईंकडे पाहिलं. "इथं कुणाचा तरी निष्काळजीपणा झालाय. असल्या माणसाच्या हाती हॉल ठेवता येणार नाही."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. त्या तोंड उघडणार एवढ्यात मीच बोललो.

"मशीन बिघडलं होतं. गॅस गळत होता. माझ्या लक्षातच आलं नाही."



"म्हणजे भंगार मशीन लावलंस?"

"हो. भंगार."

"आणि तू स्वतःला कारागीर म्हणवतोस?"

"चुकलं माझं, साहेब."

तो समाधानाने हसला आणि गुरुवारचा नाच इथेच होईल, असं सांगून गेला. बाई माझा हात धरून ढसाढसा रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, नाही कशाला म्हणू?

विंकेन्सने ते गावभर केलं. नगरपालिका आता मला कामाला बोलवत नाही. बाई अजून वरच्या खोल्यांत राहतात.