तापलो की मी मुका होतो

मी क्रँक सेन्सर. माणसाच्या अंगठ्याएवढा. बॉनेट उघडून पाहिलंत तरी मी चटकन दिसणार नाही. इंजिनाच्या मागच्या अंगाला, दातेरी चाकाला जवळजवळ खेटून मी बसलेला असतो. चाकाचा एकेक दाता समोरून गेला की मी दोन वायरींतून गाडीच्या कंप्युटरला कळवतो. पिस्टन कुठं आहे ते त्याला माझ्यामुळं समजतं, आणि मगच तो डिझेल सोडतो. मी गप्प झालो की इंजिन बंद.

माझा जन्म २००५ सालचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमधला. माझ्या पोटात केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली आहे. तिची टोकं बाहेरच्या वायरींना सोल्डर करायचं काम तानाबाईंकडं होतं. त्या आठवड्यात सेन्सर तापवून तपासायची भट्टी बंद पडली होती.

"ह्याचं एक टोक मला कच्चं वाटतंय," तानाबाई म्हणाल्या. "तापवून बघाय पायजे."

"मीटर बरोब्बर पायजे तेवढे नऊशे ओहम दाखवतोय की, मावशी! घाला खोक्यात," सुपरवायझर म्हणाला.

मीटर खोटं बोलत नव्हता. मी गार होतो.

मुरगूडच्या एका संस्थेच्या रुग्णवाहिकेत मी बसलो. प्रसेनजीत तिचा ड्रायव्हर. आजारी माणूस मागं असलं की तो खड्ड्याखड्ड्याला "सावकाश घेतोय हं" असं सांगत गाडी चालवायचा. दोन वर्षं आमचं बरं चाललं. मग २००७ च्या एप्रिलात माझ्या आतला तो जोड सुटू लागला. इंजिन फार तापलं की टोक तारेपासून अलग व्हायचं. निवलं की पुन्हा चिकटायचं.

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा ती रिकामी होती. प्रसेनजीतनं दुसऱ्या दिवशी सकाळी ती केरबा मिस्त्रींकडं नेली. त्यांनी फिल्टर बघितला, बॅटरी बघितली, मला मीटर लावला.

"नऊशे. सेन्सर ओके हाय," ते म्हणाले. "गाडीत कायबी न्हाय. चालवणाऱ्यात असंल."

मी ओरडत होतो, थांबा, मला तापू द्या! पण मला दाते मोजण्यापलीकडं बोलता कुठं येतं?

चार दिवसांनी भर दुपारी अक्षताला घेऊन आम्ही कोल्हापूरला निघालो. पहिलटकरीण होती. मूल अडलं होतं, ऑपरेशन लागणार होतं. नवरा कृष्णात तिचा हात धरून बसला होता. कागलच्या अलीकडं मी तापलो, आणि गाडी थांबली.

प्रसेनजीत किल्ली फिरवत राहिला. स्टार्टर फिरत होता, दाते माझ्यासमोरून जात होते. मी जीव तोडून सांगत होतो, आणि सगळं त्या सुटलेल्या टोकापाशी अडत होतं.

"काय झालं ओ? चालू करा की!" कृष्णात ओरडला. मग तो रस्त्यावर हात पसरून उभा राहिला. दोन गाड्या वळसा घालून गेल्या. तिसरी थांबली तोवर पंचवीस मिनिटं झाली होती, आणि मी निवलो होतो. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. त्यामुळं तर प्रसेनजीतवर कुणाचाच विश्वास बसेना.

अक्षता वाचली. मुलगी रडली नाही.

दवाखान्याच्या दारात कृष्णातनं प्रसेनजीतची कॉलर धरली. "तू मारलीस माझी पोर!" प्रसेनजीतनं हात वर केला नाही. गावात कुणी म्हणालं, पिऊन होता. कुणी म्हणालं, डिझेल न बघताच निघाला. संस्थेनं त्याला घरी बसवायचं ठरवलं.

"साहेब, एकदा तापल्या इंजिनावर तपासू द्या," तो संस्थेच्या सचिवांना म्हणाला. "मग खुशाल काढा मला."

सचिव तयार झाले. शिरोलीत गाड्यांचं वायरिंग करणारी क्रांती त्यानं बोलावल्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली. मीटर तिच्या मांडीवर होता. सचिव मागं बसले. कोल्हापूरच्या रस्त्यावर उन्हातून फेऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या फेरीला मी मुका झालो.

"आता गार हुऊ द्यायचं न्हाय," म्हणत क्रांतीनं उडी मारली. बोटं भाजत असताना तिनं माझ्या वायरी जोडणारा कपलर ओढून काढला आणि मीटर लावला. आकडाच नाही. मला खोलून तिनं पायरीवर ठेवलं, मीटर तसाच लावून ठेवला. बाराव्या मिनिटाला नऊशे उमटलं.

"बघा साहेब. ह्यो गुन्हेगार. दादांचा काय दोष न्हाय."

प्रसेनजीत रस्त्याकडेला बसला आणि ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन कृष्णातच्या घरी गेला. अक्षतानं मला तळहातावर घेतलं.

"एवढंसं हाय व्हय?" ती म्हणाली. तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं. मग ती म्हणाली, "दादा, हे फोडून टाका. आणि कुणाच्या गाडीत जाया नगं."

"फोडतो, ताई."

पण संस्थेला चौकशीसाठी पुरावा हवा होता. सचिवांनी मला ठेवून घेतलं. प्रसेनजीतला परत बोलावलं, तेव्हा तो आला नाही. तो आता वारणानगरला दुधाचा टँकर चालवतो.

चौकशी संपली. मला कुणी फोडलं नाही. गेल्या महिन्यात संस्थेचं कपाट आवरताना नव्या स्टोअरकीपरनं मला मीटर लावला, नऊशे वाचले आणि 'चालू' अशी चिठ्ठी चिकटवून मला सुट्या भागांच्या खणात टाकलं.

आज बाहेर दुसरी रुग्णवाहिका उभी आहे. तिचं बॉनेट उघडं आहे. मागं स्ट्रेचरवर कुणीतरी कण्हतंय. "क्रँक सेन्सर हाय का शिल्लक?" असं कुणीतरी विचारलं, आणि खण उघडला.

बाबांनो, त्या चिठ्ठीवर जाऊ नका. आधी मला उकळत्या पाण्यात धरा, मग मीटर लावा. नाहीतर पक्कड घ्या आणि माझ्या दोन्ही वायरी इथंच तोडा. उचललंत मला? मीटर लावलात... अहो, मी अजून गार आहे!